पत्ते कोणी पिसले?

शीर्षक वाचून ही रमीवरची गोष्ट आहे असं कोणी समजू नये. हॉस्टेलवर पत्ते खेळायला बंदी आहे, आणि हे मासिक रेक्टर सरसुद्धा वाचतात! ही गोष्ट आहे एका मॅट्रिक्सची. थांबा, पान उलटू नका. मॅथ्स-थ्रीमध्ये ज्यांच्या बॅक राहिल्या आहेत त्यांनाही कळेल अशीच लिहिली आहे, आणि तशीही ती गणितापेक्षा काटोल्याची जास्त आहे.

काटोल्या म्हणजे माझा तीन वर्षांचा रूम पार्टनर. खरं नाव वेगळं आहे, पण हॉस्टेलमध्ये माणूस गावाच्या नावानंच जगतो. पहिल्या वर्षी रॅगिंगच्या भीतीनं आम्ही दोघं एकाच पलंगावर बसून रात्र काढली होती. त्याच्या घरची संत्री तीन वर्षं खाल्ली आहेत. म्हणजे भांडण झालं तर किती लागेल, त्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

फायनल इयरला आमच्याकडे सिंगल रूम मिळते. चार मजले, प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या, एकूण ४८ खोल्या आणि मुलंही ४८. आता बाहेरगावच्या वाचकाला वाटेल की खोली ती खोली, त्यात काय एवढं? अहो, हे नागपूर आहे! २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि आमची युनिव्हर्सिटी परीक्षा घेते ती नेमकी त्याच दिवसांत. तळमजल्यावर उत्तरेकडं कडुलिंब आहे. तिथल्या खोलीत दुपारी चादर घेऊन झोपणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडं? डोक्यावर उघडा स्लॅब, समोर दिवसभराचं ऊन. रात्री एक वाजता भिंतीला हात लावला तर पोळी शेकता येईल. वर नळाला प्रेशर नसतं, त्यामुळं कूलरचं पाणी तळमजल्यावरून बादलीनं न्यायचं. एका परीक्षेत किती बादल्या, ते वरच्यांना विचारा.

पूर्वी खोल्यांचं वाटप चिठ्ठ्यांनी व्हायचं. मेसमधला तांदळाचा डबा, त्यात चिठ्ठ्या. मागच्या बॅचला कोणीतरी कुरबूर केली की काही चिठ्ठ्यांच्या घड्या जाड होत्या. खरंखोटं देव जाणे, पण या वेळी सगळ्यांनी एकमुखानं मागणी केली, "कॉम्प्युटरनं करा!" कॉम्प्युटर म्हणजे जणू गंगाजलच. न्यूमरिकल मेथड्समध्ये मला बरे मार्क होते, म्हणून गळ्यात घंटा माझ्या बांधली गेली.

काम दिसायला किरकोळ. चार ओळी आणि बारा रकान्यांचा मॅट्रिक्स घ्यायचा, प्रत्येक घरात एक रोल नंबर. त्यातली पाच घरं आधीच ठरलेली होती. एका मित्राच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, एकाला दम्याचा त्रास होता, त्या दोघांना तळमजला. उरलेली तीन घरं मेस सेक्रेटरी, हॉस्टेल सेक्रेटरी आणि स्पोर्ट्‌स सेक्रेटरी यांची, 'परंपरेनं'. ही पाच हलवायची नाहीत, बाकीची ४३ पत्त्यासारखी पिसायची. बस्स.

मी आधी माझ्या लॅपटॉपवर पायथनमध्ये बसलो. नमपायला मॅट्रिक्स दिला आणि शफल म्हटलं. त्यानं केलं काय, तर आख्खे मजलेच वरखाली केले! तळमजल्यावरची बाराच्या बारा मुलं, शेजारपाजारासकट, तिसऱ्यावर. नंतर कळलं की ते शफल फक्त ओळींची अदलाबदल करतं, ओळीच्या आतल्या घरांना हात लावत नाही. मग मी फक्त ती ४३ घरं निवडली आणि तेवढीच शफल करायला सांगितली. एरर नाही, काही नाही, प्रोग्रॅम आनंदानं संपला. आणि मॅट्रिक्स जसाच्या तसा! निवडलेल्या घरांची त्यानं वेगळी प्रत काढली होती, ती प्रत पिसली आणि फेकून दिली. सरकारी अर्जाची झेरॉक्स आपण दुरुस्त करावी आणि मूळ अर्ज टेबलावर तसाच राहावा, तसं झालं. पिसलेलं परत त्याच घरांत भरावं लागतं, ही अक्कल तेव्हा आली.

लॅबचे सर म्हणाले, "मॅटलॅबमध्ये कर. प्रोजेक्टर लॅबमध्ये आहे, सगळ्यांसमोर दाखवता येईल." बरं झालं. मॅटलॅबमध्ये हे दोन ओळींत होतं. कुठली घरं मोकळी आहेत त्यांचे क्रमांक फाइंडनं काढायचे, रँडपर्मनं ते क्रमांक पिसायचे, आणि त्या क्रमानं रोल नंबर परत भरायचे. एवढंच लक्षात ठेवायचं की मॅटलॅब घरं उभी मोजतं. तळमजल्याच्या पहिल्या खोलीनंतर त्याच्या लेखी दुसरी येते ती बाजूची नाही, वरच्या मजल्यावरची. आपण आडवं वाचणारी माणसं, यात माझी एक संध्याकाळ गेली. असो.

सोडतीच्या आदल्या रात्री मी लॅबमध्ये खऱ्या यादीवर ट्रायल घेतली. काटोल्या आणि दोन ज्युनिअर सोबत होते. स्क्रीनवर आलं: मी तळमजला, उत्तर बाजू, कडुलिंबाखाली. काटोल्या तिसरा मजला, बारा नंबर. पश्चिमेचा कोपरा! आम्ही पोट धरून हसलो. काटोल्या म्हणाला, "हे ट्रायलच हाय ना बे?" मी म्हटलं, "अबे, उद्या सगळं बदलते. दर वेळी वेगळं येते." प्रात्यक्षिक म्हणून मी पुन्हा एकदा रन केलं, आणि खरंच वेगळं आलं. मशीन बंद करून आम्ही बर्डीवर तर्री-पोहे खायला गेलो. मनातल्या मनात मात्र मी म्हणत होतो की पहिलं आलं होतं तेच उद्या आलं तर काय बहार! हेही लिहून टाकतो. खोटं कशाला बोलू?

सकाळी लॅब खच्चून भरलेली. रेक्टर सर पहिल्या रांगेत. मी मॅटलॅब उघडलं, प्रोग्रॅम चालवला. पहिल्या ओळीतला पहिला रोल नंबर दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. कालचाच! दुसरा, कालचाच. बाकीच्यांना अजून काही कळलं नव्हतं. त्या क्षणी मी बटण दाबून थांबवू शकलो असतो. "सर, काहीतरी चुकलंय" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी थांबवलं नाही. पूर्ण मॅट्रिक्स स्क्रीनवर येऊ दिला. मी, तळमजला, कडुलिंब. काटोल्या, तिसरा मजला, बारा.

ज्युनिअरपैकी एकजण ओरडला, "सर, हेच तर काल रात्री आलं होतं!"

पुढं काय झालं ते उपस्थितांना आठवतच असेल. कोणी म्हणालं, निकाल आधीच फीड केला होता. कोणी म्हणालं, पैसे घेतले. मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत होतो की मी काहीही केलेलं नाही. काटोल्या एक शब्द बोलला नाही. गर्दी पांगल्यावर जिन्यात भेटला आणि म्हणाला, "तुले मालूम होतं ना बे?" मी म्हटलं, "नाही रे, शप्पथ." तो म्हणाला, "मंग थांबवलं काहून नाही?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री त्यानं पलंग भिंतीकडं सरकवून घेतला.

चूक नेमकी काय होती ते मला त्याच संध्याकाळी सापडलं. कॉम्प्युटरचे रँडम आकडे खरे रँडम नसतातच. एका सुरुवातीच्या आकड्यापासून, म्हणजे सीडपासून, ठरलेल्या कृतीनं ती मालिका तयार होते. मॅटलॅब वापरतं त्या कृतीचं नाव मर्सेन ट्विस्टर, दोन जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली. तिची मालिका इतकी लांब आहे की जन्मात पुन्हा तिथं येणार नाही. पण मॅटलॅब प्रत्येक वेळी नव्यानं उघडलं की ते मालिकेच्या त्याच पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात करतं! रात्री मी दुसऱ्यांदा रन केलं तेव्हा पुस्तक पुढं गेलं होतं, म्हणून वेगळं आलं. सकाळी मशीन नव्यानं सुरू झालं आणि पुस्तक परत पान एकवर. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही ओळ चुकीची नव्हती. जी ओळ लिहायला हवी होती, ती नव्हती. पायथनवाल्या मित्रांनी हसू नये. पहिल्याच ओळीत सीड ४२ कोणाच्या प्रॅक्टिकल फाइलमधून कोणाच्या फाइलमध्ये उतरलं आहे, ते मी सांगू शकतो.

मी लॅबच्या सरांना मॅटलॅब पाच वेळा बंद करून, उघडून दाखवलं. पाचही वेळा काटोल्या तिसऱ्या मजल्यावर. सर म्हणाले, "मला पटलं. पण बाहेर जी ४७ मुलं आहेत त्यांना पटायला हवं. तू काही केलं नाहीस हे सांगून उपयोग नाही. तुला काही करताच आलं नसतं, हे दाखव." रेक्टर सरांनी एक आठवडा दिला.

रविवारी मी मामाकडं जेवायला गेलो. मामा एका कापूस संशोधनाच्या शेतावर आयुष्यभर मजूर म्हणून राहिले, आता रिटायर झालेत. कापूस म्हटला की आपल्या नागपूरला तोटा नाही, केंद्रीय कापूस संशोधन संस्थाच १९७६ पासून इथं आहे. मामांचं शिक्षण चौथी. तोंड पाडून बसलो होतो म्हणून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, "तुमचं कायचं मशीन नं कायचं काय" म्हणून उडवून लावतील. तर ते म्हणाले, "आमच्या वावरात हेच होतं ना राजा."

आणि त्यांनी ताटाच्या कडेला वरणानं नकाशा काढला. समजा, कपाशीचे सहा वाण पारखायचे आहेत. शेताच्या एका अंगाला विहीर, तिथली जमीन काळी, खोल. दुसऱ्या अंगाला बरड, मुरमाड. मग शेताचे पट्टे पाडायचे, असे की एका पट्ट्यातली जमीन साधारण सारखी. प्रत्येक पट्ट्यात सहाच्या सहा वाण यायलाच हवेत, पण कुठला कुठं, हे प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी सोडत काढून ठरवायचं. पहिल्या पट्ट्याचा क्रम दुसऱ्याला लावायचा नाही. मी विचारलं, "काहून? साहेबांनीच बरोबर ठरवून लावलं तर?" मामा हसले. "सायबाच्या लाडक्या वाणाले विहिरीजवळ बसू द्यायचं नाही, म्हणून. सायब बेइमान नसते रे. पण हात आपसूक तिकडंच जाते."

हात आपसूक तिकडंच जाते! मी घास हातात धरून बसलो. जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला वरणाच्या नकाशात दिसत होतं.

त्या रात्री वाचलं आणि चाटच पडलो. शेतात वाण असे पिसून लावायची रीत घालून दिली ती रोनाल्ड फिशर यांनी. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ते १९१९ मध्ये रुजू झाले होते. आणि आपण कॉम्प्युटरवर जे शफल करतो त्याचं नाव फिशर-येट्स! तेच फिशर, आणि त्याच केंद्रातले फ्रँक येट्स. दोघांनी १९३८ मध्ये शेती, जीवशास्त्र आणि वैद्यक यांच्या संशोधकांसाठी तक्त्यांचं एक पुस्तक काढलं, त्यात ही कृती कागद-पेन्सिलनं करायची म्हणून दिली होती. कॉम्प्युटरला सोयीचं रूप तिला १९६४ मध्ये ड्युरस्टेनफेल्ड यांनी दिलं. म्हणजे मामांचं वावर आणि माझा मॅट्रिक्स यांचं मूळ एकच. सिव्हिलवाले म्हणतील, आम्हाला काय त्याचं? पण मला त्या रात्री फार बरं वाटलं.

सरांनी रँडपर्म वापरायला मनाई केली होती. "डब्यात काय आहे ते पोरांना दिसत नाही. स्वतः लिही, पाच ओळी, कोणालाही वाचता येतील." मी लिहिलं. प्रत्येक घराशी जायचं, ४३ पैकी कुठलंही एक घर रँडम निवडायचं, दोघांची अदलाबदल करायची. किती सोपं! पण या वेळी दूध पोळलेलं होतं, म्हणून ताकही फुंकून पाहिलं. तीनच मुलं घेतली आणि तोच प्रोग्रॅम २७ हजार वेळा चालवला. तीन मुलांचे क्रम होतात सहा. प्रत्येक क्रम साधारण साडेचार हजार वेळा यायला हवा. आले कसे? तीन क्रम पाच हजारांच्या आसपास, आणि तीन चार हजारांच्या आसपास. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच, आणि लाडके क्रमही तेच तीन.

कारण कागदावर दोन मिनिटांत निघालं. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा. पोचायची गावं सहा. २७ वाटा सहा गावांत सारख्या वाटता येतच नाहीत! काही गावांना पाच, काहींना चार. फिशर-येट्समध्ये काय होतं? पहिल्यांदा तिघांतून एक निवडायचा आणि बाजूला काढायचा. मग उरलेल्या दोघांतून एक. मग उरलेला आपोआप. तीन गुणिले दोन गुणिले एक, सहा वाटा, सहा गावं. ज्याची खोली ठरली त्याला पुन्हा हात लावायचा नाही, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही, ही खरी गंमत. माझ्या चुकलेल्या प्रोग्रॅमचा निकाल प्रोजेक्टरवर दाखवला असता तर एकाही पोरानं हरकत घेतली नसती.

असल्या चुका फक्त आपल्यासारख्यांच्या होतात असं नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला युरोपातल्या ग्राहकांपुढं वेगवेगळे ब्राउझर रँडम क्रमानं दाखवायचे होते. त्यांनी पिसण्याऐवजी सॉर्टलाच रँडम उत्तरं देऊन फसवायचा शॉर्टकट घेतला. परिणाम असा की पहिल्या पाचांत त्यांचा स्वतःचाच इंटरनेट एक्सप्लोरर जवळपास निम्म्या वेळा शेवटी यायला लागला!

इकडं मुलांत दोन तट पडले होते. एक तट म्हणे, कॉम्प्युटर नको, परत तांदळाचा डबा आणा. मला ते चुकीचं वाटत नव्हतं, पण नुसता डबाही भाबडाच असतो. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं याची सोडत काढली होती. वर्षाच्या ३६६ तारखा, प्रत्येकीची एक प्लास्टिकची कुपी. पण महिने क्रमानं भरले गेले आणि नीट ढवळलेच गेले नाहीत, त्यामुळं वर्षअखेरच्या तारखा लवकर बाहेर आल्या. सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास यायला हवा, डिसेंबरवाल्यांचा आला १२१ च्या आसपास. तिथं प्रश्न कूलरच्या बादलीचा नव्हता, रणांगणावर आधी कोण जाणार याचा होता. हे मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा थोडा वेळ सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "मंग डबा जोरात हालवा ना बे." हशा पिकला. खूप दिवसांनी माझ्यासमोर कोणीतरी हसलं होतं.

खरी वादावादी झाली ती पिसण्यावर नाही, न पिसण्यावर. मी प्रोग्रॅमचा प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला, आणि त्यात मोकळी नसलेली पाच घरं स्पष्ट लिहिलेली होती. तोपर्यंत कोणी ती यादी पाहिलीच नव्हती! पायाचं ऑपरेशन झालेला मित्र आणि दमेवाला मित्र, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. पण तीन सेक्रेटरी? त्यांना कडुलिंब कशासाठी? महापालिकेच्या निवडणुकीत काही प्रभाग लोकसंख्येच्या नियमानं ठरतात आणि महिलांसाठीचे चिठ्ठी काढून, पण कुठले कशानं ठरले ते आधी जाहीर असतं. आमच्या तिघांचा नियम कुठं लिहिला होता? मेस सेक्रेटरी चिडला, म्हणाला, मी पहाटे पाचला भाजी आणायला उठतो. त्याचंही खरं होतं. तासभर घासाघीस झाली. शेवटी रेक्टर सरांनी तिन्ही घरं सोडतीत टाकली. आता ४३ ची ४६ झाली. खरं सांगू का? माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या पाच घरांना मी कुलपं लावली तेव्हा मलाही एकदा विचारावंसं वाटलं नव्हतं. यादी हातात आली, टाइप केली.

राहिला प्रश्न सीडचा. मॅटलॅबला घड्याळावरून सीड घ्यायला सांगता येतं, पण मग कोणीही म्हणेल की बरोबर वेळ साधून बटण दाबलं. सरांनी सुचवलं आणि आम्ही ठरवलं ते असं. प्रोग्रॅमचा प्रिंट आदल्या रात्रीच बोर्डावर, त्यावर रेक्टर सरांची सही, म्हणजे त्यात एक स्वल्पविरामही बदलता येणार नाही. सीड मात्र सोडतीच्या वेळी, सगळ्यांसमोर, तंबोल्याच्या ९० सोंगट्यांतून. चार मुलं चार सोंगट्या काढणार, ते आकडे ओळीनं लिहिले की सीड तयार. आणि मग ज्याला शंका असेल त्यानं तोच प्रोग्रॅम, तोच सीड घेऊन लॅबमध्ये स्वतः चालवावा. दर वेळी तेच उत्तर यायला हवं. ज्या गुणामुळं मी चोर ठरलो होतो, तोच आता माझा साक्षीदार!

एका हुशार ज्युनिअरनं शंका काढली. अशा सोडतीतून सीड निघणार सहा कोटी तेरा लाखांच्या वर. आणि ४६ मुलांच्या रचना किती? नुसत्या ४३ मुलांच्याच सहावर ५२ शून्यं. म्हणजे बहुतेक सगळ्या रचना कधी येऊच शकणार नाहीत. खरं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत विचारलं होतं की शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून बदलून किती रूपं होतील. उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी हा आकडा पाहून काय म्हटलं असेल? आमच्या सहा कोटींत दहा हातांचा शंकर आरामात बसतो, ४६ मुलांचं हॉस्टेल बसत नाही. पण आम्हाला सगळ्या रचना नको होत्या. जी येईल ती आधी कोणाला माहीत नसावी, एवढंच हवं होतं.

शनिवारी सोडत झाली. तिसरी सोंगटी काढायला कोणीतरी काटोल्याला पुढं ढकललं. त्यानं पिशवी इतकी हलवली की सर म्हणाले, "अरे, फाटेल ती." सोंगटी काढली, माझ्याकडं न पाहता टेबलावर ठेवली. चौथी निघाली. मी सीड टाइप केला, रेक्टर सरांनी तो मोठ्यानं वाचला, आणि एंटर मी नाही, त्यांनी दाबलं.

मला दुसरा मजला, पूर्वेकडची खोली. ना गार ना गरम. मेस सेक्रेटरीला पहिला मजला, तो खूश. आणि काटोल्याला तिसरा मजला, अकरा नंबर. आधी बारा होता, आता त्याच्या बाजूची!

लॅबमध्ये एकदम शांतता. मला घाम फुटला. ४६ पैकी १२ खोल्या तिसऱ्या मजल्याच्या, म्हणजे कोणालाही तिथं जायची शक्यता साधारण चारात एक. यात आश्चर्य काहीच नव्हतं. पण हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी लॅब अटेंडंटनं मला सांगितलं की काटोल्या येऊन गेला. मशीन बंद करून, चालू करून, बोर्डावरचा प्रिंट पाहून त्यानं सगळं स्वतः टाइप केलं, सीड घातला. तीनदा. तिन्ही वेळा अकरा नंबर. मग म्हणे खुर्चीवर थोडा वेळ बसला आणि गेला. संध्याकाळी तो खोलीत आला, सामान बांधायला लागला. मी म्हटलं, "मी तिसऱ्यावर जातो, तू माझी घे. सरांना सांगू." तो म्हणाला, "कायले? सोंगटी म्याच काढली ना." थोड्या वेळानं गादीची घडी करता करता म्हणाला, "पण त्या दिवशी तू थांबवायले पायजे होतं."

"हो," मी म्हटलं.

"बस. हेच पायजे होतं मले." आणि गादीचं एक टोक त्यानं माझ्याकडं फेकलं.

हे लिहितोय तो एप्रिल आहे. संध्याकाळी सहाला जिन्यातून बादल्यांची वरात निघते. काटोल्याच्या कूलरला नव्या खसच्या ताट्या बसवल्या आहेत, वास मस्त येतो, गारवा मात्र यथातथाच. माझी खोली दुसऱ्यावर, त्यामुळं दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतची बादली माझ्याकडं, असं आमचं ठरलं आहे. यासाठी सोडत काढली नाही. काल एकोणीस पायऱ्या चढून धापा टाकत मी म्हटलं, "अबे, पुढच्या बॅचला सुचवू. ज्यांनी थर्ड इयरला वरचा मजला काढला, त्यांना सोडतीतून वगळून खाली टाकायचं."

"मंग बोर्डावर लाव आधी," काटोल्या वरून म्हणाला, "आणि बादली नीट धर, सांडून राह्यली."